स्वयंपाकघरातली सही

धुळे, ४ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस, नूतनचा शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही, ऑफिसात सगळ्यांचे कान इकडेच असतात. म्हणून जळगावला निघालेल्या जितेंद्रच्या हाती पत्र देते आहे. नाना, मला फार भीती वाटते आहे.

डिसेंबरात मी अमळनेरच्या रुपचंद आबांचं मृत्युपत्र केलं. राहतं घर पुतणी दिपमालाला. त्यांचं सगळं तीच करते. मृत्युपत्र टिकलं नाही तर घर मुलाला, योगराजला जाईल, आणि तो तिला एक दिवस ठेवणार नाही. साक्षीदार डॉक्टर आणि शेजारच्या पुष्पाबाई. त्या नात्याने आबांच्या सूनबाई लागतात, त्यांच्यासमोर येत नाहीत. म्हणून आबांची सही झाल्यावर मीच कागद स्वयंपाकघरात नेला. काल कायदा पुन्हा वाचला आणि चूक कळली. साक्षीदाराने आबांच्या देखत सही करायला हवी होती.

सोमवारी आबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. पुष्पाबाई म्हणतात, मी समोरच होते असं कोर्टात सांगेन. आमच्या वकील सरांना कळलं तर मला कामावरून काढतील. गप्प बसू का?

तुमची घाबरलेली,
नूतन

जळगाव, ५ फेब्रुवारी

चि. नूतन हिस अनेक आशीर्वाद.

आधी जेव. तुझी आई म्हणते, पोरगी नुसत्या चहावर असेल. कोर्टातल्या तीस वर्षांच्या कारकुनीत मी असे साक्षीदार पुष्कळ पाहिले. तिसऱ्या प्रश्नाला रडतात. त्या बाईंना खोटं बोलायला लावू नकोस. आबा आहेत तोवर चूक दुरुस्त होते. सरांना सांग आणि अमळनेरची बस पकड. भीती मलाही वाटते, लपवत नाही.

तुझा,
नाना

धुळे, ७ फेब्रुवारी

ती. नानांस शि. सा. न.

सर खूप ओरडले, पण काढलं नाही. आबांना चूक सांगितली तर हसले. आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, की पुष्पा, बाहेर ये, मी काय वाघ शे का. पुष्पाबाई कपाळापर्यंत पदर ओढून समोर बसल्या. सह्या नीट झाल्या.

पण परतताना बसमध्ये जुनी कामं आठवत गेले. वर्षभरात मी अकरा मृत्युपत्रं केली. आणखी तीन घरांत साक्षीदार बाईंसाठी कागद मीच आत नेला होता. दोघं म्हातारे हयात आहेत, उद्याच जाते. तिसरे गेल्या महिन्यात वारले. त्यांना सांभाळणाऱ्या भाचीचा आज फोन आला होता. घर नावावर कधी होईल, असं विचारत होती. नाना, मी फोन ठेवून दिला.

माया कमी करू नका.

नूतन