दुपारच्या झोपेत मुरलेला चेहरा

मागांगे, मंगळवार

प्रिय एउलालियाताई,

तुझ्या पायांची सूज उतरली का? मी सुखरूप आहे, भूकही लागते.

रविवारचं तुझ्या कानावर आलंच असेल. मासळीबाजारात आपल्या गावच्या निकानोरने ओटा सोडायला नकार दिला, म्हणून एकाने त्याच्या मानेवर कोयता घातला. पडल्यावरही घालतच राहिला. रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. बाकीच्यांनी माना फिरवल्या. चेहरा पाहिला तो मी एकट्यानेच.

घरी आलो तर घरमालकीण पेत्रोना कॉफी घेऊन उभी. "झोपू नका, म्हातारबा! झोपलात की पाहिलेलं डोक्यात मुरतं. मग बसा जन्मभर!"

"मुरू दे," म्हटलं आणि झुल्यात आडवा झालो. आठवतं, शाळेत बाई दुपारी झोपवण्याआधी कविता म्हणून घ्यायच्या आणि उठलो की ती ओठांवर तयार असायची?

तसंच झालं. उठलो तेव्हा तुटकी भुवई, डावखुरा हात, सगळं पाठ होतं. काल न्यायाधीशांपुढे मी त्याला संशयितांच्या रांगेतून ओळखलं.

"आजोबा, खात्री आहे?"

"कवितेइतकी, साहेब."

तो आत आहे. त्याचे भाऊ बाहेर आहेत, पण मी दाराला नवा अडसर बसवलाय. तू मात्र सध्या येऊ नकोस.

फक्त डोळा लागला की कोयता पुन्हा वर जातो. ताई, ती नदीची कविता होती ना, तिचं शेवटचं कडवं मला आठवत नाही. लिहून पाठव. रोज झोपण्याआधी म्हणेन. तेही मुरेल कदाचित.

तुझा म्हातारा झालेला धाकटा,
बेलिसारियो