इराची टाचणी

बेसिंगस्टोक, गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

आज इराच्या शाळेत पेरेंट्स इव्हनिंग होती. वर्गात जगाचा नकाशा लावलाय, त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाची टाचणी. तिच्या मिस ऑस्ट्रेलियाच्या. म्हणाल्या, "आमच्याकडे शाळेत हे नेहमी करायचो. मुलांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटतो." त्यांचे आजोबा इटलीचे, पण त्यांची स्वतःची टाचणी मेलबर्नवर. हे मला आत्ता लिहिताना खटकतंय, तेव्हा नाही.

तेव्हा मला एवढंच दिसलं की इराची टाचणी हैदराबादपाशी आहे. राहवलं नाही. काढून नीट नागपूरवर टोचली, वर मिसना संत्र्यांचं कौतुकही ऐकवलं.

जेवताना इरा म्हणाली, "आई, मी माझा पिन इंग्लंडवर लावला होता. जॅकच्या बाजूला. मिसनी इंडियावर नेला."

"मग त्यांना सांगायचं ना, मी इथे जन्मले म्हणून."

"उद्या सांगणार होते. पण मग तू पण हलवला."

मघापासून मिसवर चिडायचा प्रयत्न करतेय, जमत नाही. टाचणी हलवताना इरा माझा हात धरून उभी होती. तिला विचारायचं मलाही सुचलं नाही.