सगळ्यांचंच १२०/८०

१८ मार्च, मंगळवार
डोकं फिरलं आज. चिचगडकडच्या गावात आमच्या संस्थेची आरोग्य कार्यकर्ती शेवंता. तिचं गृहभेटीचं रजिस्टर पाहिलं. सगळ्या बायका सकाळी घरी भेटल्या म्हणे, नि बी.पी. सगळ्यांचंच १२०/८०. अगं बाई, मोहफुलं वेचायचे दिवस आहेत! पहाटेपासून अख्खं गाव जंगलात. तुला दार कोणी उघडलं, कोंबड्यांनी?
सचिवांना फोन. "काढून टाका, दुसरी मिळेल." पत्र टाइप केलं.

१९, बुध.
पत्र पर्समध्ये घालून गेले. शेवंताच्या घराला कुलूप. तीही मोह वेचायलाच. झाडाखाली गाठलं नि सगळ्यांदेखत झापलं. काऊन केलं असं?
मान खाली घालून म्हणते, "मांगच्या साली खरं लिवलं होतं ना ताई, 'घर बंद'. तुमीच मिटिंगमंदी म्हणाल्या, रकाने भरता येत नाई त कायले येतेस कामाले?"
म्हणाले होते. शब्द न् शब्द. सगळे हसलेही होते. मीसुद्धा.
म्हटलं, मशीन आण. सावलीत बसवून एकेकीचं मोजलं. सुनीता, सातवा महिना, पाय सुजलेले. १६०/११०. थोडं थांबून परत मोजलं, तेच.
शेवंता पांढरीफटक. "ताई, हिचंबी मी १२०/८०च लिवलं." टोपलं तिथंच टाकलं नि सुनीताला घेऊन देवरीच्या दवाखान्यात. मीही सोबत.

२१, शुक्र.
सुनीताचं बी.पी. उतरतंय. बाळाचे ठोके चांगले. शेवंता तिच्या खाटेजवळून हलत नाही. हे ऐकून रडलेच मी.
सचिव : "पत्र दिलं?" नाही. "परत असंच केलं तर?" म्हटलं, महिनाभर मी स्वतः तिच्यासोबत फिरते. बघतो म्हणाले. अजून हो नाही, नाही पण नाही.

२२, शनि.
मिटिंग. शेवंताही दवाखान्यातून आली. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. सांगितलं, घर बंद असेल तर 'बंद' लिहा, मी ओरडणार नाही. मोहाच्या दिवसांत आपणच झाडाखाली जाऊ.
मागून वनिता उठली. आमची सगळ्यात हुशार, जिचं रजिस्टर मी नेहमी बाकीच्यांना दाखवते.
"ताई, माह्यंबी तसंच हाय."
तिच्यामागून आणखी दोघी. सचिवांना आता काय सांगू, देव जाणे. संतापायला हवं होतं. खरं सांगते, इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चहा सांगितला नि म्हटलं, आणा इकडे, पहिल्या पानापासून पाहू.