तिसरं चाक, वाजवी भावात

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी मोटरसायकलवरून बाजारात गेलो. येताना चौकातल्या सिग्नलला गाडी डावीकडे आडवी झाली. मला लागलं नाही. टोमॅटो सांडले. दोघांनी गाडी उचलून दिली, एकाने टोमॅटो. घरी येऊन आरसा सरळ केला. जेवलो. दुपारी झोप आली नाही.

ही जाऊन सात महिने झाले. तेवढ्या काळात गाडी तीनदा पडली. तिन्ही वेळा थांबताना. त्याआधीच्या तीस वर्षांत एकदाही नाही. चालवणारा तोच, रस्ता तोच. म्हणजे दोष गाडीत आहे. मागच्या सीटवर वजन नसल्यामुळे तोल जातो. साधं गणित आहे.

संध्याकाळी मुलीचा फोन. बाजारातून बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. म्हणाली, महिनाअखेर गाडी विकून टाकू, जावईबापूंच्या ऑफिसात एक गिऱ्हाईक तयार आहे. मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर बरीच चोख उत्तरं सुचली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
उपाय सापडला. पेपरात जाहिरात आहे. मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा अ‍ॅक्सल बसवून देतात. गाडी तीनचाकी होते. उभी केली की उभी राहते.

मुलीला लगेच कळवलं. ती म्हणाली, ठीक आहे, अठ्ठावीस तारखेपर्यंत ठरवा, नाहीतर गाडी जाणार म्हणजे जाणार. शिवाय भाव तुम्ही एकट्याने ठरवू नका, ह्यांना बरोबर न्या.

हसू आलं. पाणीपुरवठ्याच्या भांडार विभागात माझी चौतीस वर्षं गेली. व्हॉल्व्हपासून झाडूपर्यंत तीन कोटेशन्स घेतल्याशिवाय मी काही आत येऊ दिलं नाही. जावईबापू दुकानदार सांगेल ती किंमत देतात आणि वर थँक यू म्हणतात.

संकल्प: वाजवी भावाच्या वर एक पैसा द्यायचा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
तयारी. गाडीची लांबी, रुंदी, सीटची उंची मोजली. वहीत तुलनात्मक तक्ता आखला. रकाने सुबक आले.

भाव करण्याची आमची पद्धत इथे नोंदवून ठेवतो. ही दुकानात जायची. मी बाहेर गाडीवर बसायचो. हिने पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली की मी किक मारायची. इंजिन सुरू झालं की दुकानदाराला वाटायचं, गिऱ्हाईक चाललं. तो उंबऱ्यापर्यंत यायचा आणि भाव उतरायचा. घरातला पंखा, कपाट, मुलीच्या लग्नातली भांडी, सगळं असंच घेतलं. म्हणजे निम्मं काम इंजिनाचं. इंजिन माझ्याकडे होतं.

रविवारी आम्ही दोघं गाडीवरून तलावापर्यंत जायचो. आज गेलो नाही. वारा फार होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कोटेशन क्रमांक एक. जाहिरातीतलं शोरूम. काचेचा दरवाजा, आत एसी. शोरूमवाला मुलीच्या वयाचा, टाय लावलेला, अतिशय नम्र. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, तीनचाकी करून ठेवलेली एक गाडी दाखवली. तिच्यावर बसलो. पाय वर घेतले. पडलो नाही. दोन-तीन मिनिटं तसाच बसून राहिलो असेन. त्याने हटकलं नाही.

किंमत बेचाळीस हजार, फिटिंग आणि कागदपत्रांसह.

मी तीस म्हणालो. तो म्हणाला, सर, फिक्स्ड प्राइस आहे. मी उठलो, बाहेर आलो, गाडीवर बसलो आणि किक मारली.

इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. काचेतून तो दिसत होता. त्यानेही मला पाहिलं असावं, कारण एकदा हात हलवला. शेवटी वॉचमन आला. मला वाटलं, निरोप घेऊन आला. तो म्हणाला, काका, गाडी पुढे घ्या, टेम्पो आत घ्यायचाय.

काचेमुळे आत इंजिनाचा आवाज पोचत नाही. पद्धतीत दोष नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
काल चष्मा शोरूममध्ये राहिला. राहिला म्हणजे ठेवला. परत जायला काहीतरी कारण लागतं, नाहीतर आपली गरज दिसते.

शोरूमवाल्याने चष्मा पुसून, पाकिटात घालून ठेवला होता. किंमत बेचाळीसच. वर एक फॉर्म दिला. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, चालकाचं वजन, मागे बसणाऱ्याचं वजन. या वजनांवरून मागच्या स्प्रिंगा ठरवतात. मागे कोणी बसणार नसेल तर ते सीट काढून सामानाची पेटी बसवून देतात. पेटी फुकट.

त्याने विचारलं, मागे कोण बसतं सर?

मी म्हणालो, बघून सांगतो.

घरी फॉर्म भरला. एक रकाना सोडून. तो तांत्रिक मुद्दा आहे, सवडीने बघू.

१५ फेब्रुवारी, रविवार
तलावाकडे गेलो नाही. टायरमध्ये हवा कमी वाटली. भरून आणली, तोवर ऊन झालं.

मुलगी येऊन गेली. हिचं कपाट आवरू या का, म्हणाली. मी तिला तुलनात्मक तक्ता दाखवला. एकच ओळ भरलेली पाहून म्हणाली, बाबा, तेरा दिवस राहिलेत.

पर्स कपाटातच आहे. डावीकडच्या हुकला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
कोटेशन क्रमांक दोन. तीनचाकीचं वापरलेलं किट, फोनवरून. विकणाऱ्याने अठरा हजार सांगितले. मी बारा म्हणालो. तो लगेच हो म्हणाला. एवढ्या लगेच हो म्हणणारा माणूस संशयास्पद असतो, म्हणून मी दहा म्हणालो. त्यालाही तो हो म्हणाला. मी घाबरून फोन ठेवला.

ही असती तर दहालाही थांबली नसती, आणि वस्तू बघितल्याशिवाय एक हजारालाही हो म्हणाली नसती.

रात्री त्याचा मेसेज आला, आठला घ्या. नंबर ब्लॉक केला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
कोटेशन क्रमांक तीन. पुलाखाली एक वेल्डर आहे, गाड्यांना हवं ते जोडून देतो. जाड माणूस, कपाळावर वर केलेला काळा गॉगल. दुकानाला काच नाही, त्यामुळे इंजिनाचा आवाज आत पोचेल, याची आधीच खात्री करून घेतली.

वेल्डरने किंमत सांगितलीच नाही. आधी विचारलं, गाडी पडते कशी? मी मागच्या वजनाचं गणित समजावून सांगितलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हँडल हलवून बघितलं, स्वतः चौकापर्यंत जाऊन आला. म्हणाला, लोण्यासारखी चालते. मी म्हणालो, तुमचं वजन जास्त आहे, म्हणून. त्यावर त्याची बायको आतून हसली.

मग तो म्हणाला, उद्या सकाळी या, तुम्ही चालवा, मी मागे बसतो.

मला हे फारसं पसंत नाही. मागे बसणारे सूचना फार देतात. हीसुद्धा सारखी द्यायची. ब्रेक, खड्डा, पाय, गियर, पाय. मी लक्ष द्यायचो नाही. चांगल्या चालकाला सूचना लागत नाहीत. वर सगळ्यांना सांगायची, गाडी मीच चालवते, हे नुसते हँडल धरून बसतात. लोक हसायचे. मीही हसायचो. थट्टेचा स्वभाव होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
वेल्डर मागे बसला. गाडी खाली बसली, पण तोल चांगला. पुलावरून गेलो, वळलो, चौकात आलो. लाल दिवा. ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि डावीकडे कलायला लागली.

मागून तो म्हणाला, "काका, पाय."

माझा पाय खाली गेला. मी टाकला असं नाही. गेला.

हिरवा दिवा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. निघायला मला जरा वेळ लागला.

दुकानापाशी उतरल्यावर तो म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. थांबल्यावर तुम्ही पाय टाकत नाही. दोन चाकं लावून तुमचे पैसे कशाला घेऊ?" त्याच्या बायकोने चहा दिला. तिने विचारलं, आधी कोण सांगायचं पाय टाका म्हणून? मी म्हणालो, चहा छान झालाय.

घरी येताना एकही सिग्नल लाल लागला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
शांतपणे विचार केला. एकंदरीत यश. वेल्डरचं कोटेशन शून्य. बेचाळीस हजारांचं काम शून्यावर आणलं. इतका भाव ही पण कधी पाडू शकली नव्हती.

मुलीला फोन करून सांगितलं. आधी ती हसली. मग म्हणाली, "बाबा, हे आम्हाला माहीत होतं. आई प्रत्येक सिग्नलला तुमच्या खांद्यावर टिचकी मारायची, आठवत नाही?"

मी म्हणालो, आठवतं की.

आठवत नव्हतं. आता दिवसभर डावा खांदा तेवढाच जाणवतोय.

ती म्हणाली, पण मग गाडी विकायचीच ना? मी म्हणालो, आता कारण कळलंय, आता पडणार नाही. कारण कळलं की दोष जातो. भांडारात नेहमी असंच व्हायचं.

संकल्प: प्रत्येक लाल दिव्याला स्वतःच मोठ्याने ‘पाय’ म्हणायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार
आधी अंगणात सराव. गाडीवर बसून ‘पाय’ म्हणायचं आणि पाय टेकायचा. वीस वेळा. वीसही वेळा बरोबर. शेजारीणबाईंनी गॅलरीत येऊन विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हणालो, गाडीशी. त्या आत गेल्या.

पहाटे वारा नव्हता, हवा भरलेली होती. तलावाकडे जायला हरकत नव्हती. पण आज सराव झाला होता. दमलो होतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी तलावाकडे निघालो. पहिला सिग्नल, ‘पाय’. जमलं. दुसरा, जमलं. बाजूच्या स्कूटरवरच्या बाईने हेल्मेट वर करून बघितलं. तिसराही जमला. मनात म्हटलं, आता सवय झाली.

चौथा सिग्नल तलावाच्या वळणावरचा. तिथे पोचल्यावर ही नेहमी म्हणायची, आलं पाणी. कितीही वेळा आलो तरी म्हणायची. लाल दिवा लागला, समोर पाणी दिसलं. मी ‘पाय’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो. दोनदा म्हणालो. पाय हलला नाही. मी थांबून राहिलो.

गाडी हळूच आडवी झाली. क्लचचा दांडा मोडला. गुडघा खरचटला. एका मुलीने विचारलं, कोणाला फोन करू? मला कोणाचा नंबर सांगावा ते सुचेना.

माझ्या आवाजाला माझा पाय दाद देत नाही, एवढाच निष्कर्ष.

गाडी ढकलत घरी आणली. सव्वादोन तास. वाटेत पुलाखाली वेल्डर भेटला. काही न विचारता त्याने दुसऱ्या गाडीचा दांडा बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, काका, तीन चाकंच लावा. पुढेही मी गाडी ढकलतच नेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
शोरूमला गेलो. रिक्षाने. त्यामुळे किक मारण्याचा प्रश्न नव्हता. शोरूमवाला म्हणाला, एक तारखेपासून पंचेचाळीस होणार, आज फॉर्म दिलात तर बेचाळीसमध्ये करतो. मी ठीक आहे म्हणालो.

तो थांबला. मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन याची तो वाट बघत होता. मीही वाट बघत होतो. मग मी थँक यू म्हणालो.

फॉर्म बघून म्हणाला, सर, हा एक रकाना राहिलाय. मी म्हणालो, घरी जाऊन भरून परवा आणून देतो. तो म्हणाला, चालेल, परवापर्यंत बेचाळीसच धरतो, पण खरं वजन लिहा. कोणी बसणार नसेल तर शून्य. नसलेलं वजन धरून स्प्रिंगा बसवल्या तर गाडी रिकामी असताना उसळते, प्रत्येक खड्डा पाठीत बसतो.

मी म्हणालो, समजलं.

मुलीला कळवलं, बेचाळीसला ठरलं. तिने विचारलं, कितीवरून? मी म्हणालो, पंचेचाळीसवरून.

२८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी सात
मुलगी आणि जावईबापू अकराला येणार. फॉर्म दिल्याची पावती दाखवायची आहे, म्हणून लवकर उठलो. चहा केला. एक कप. तक्त्याचं पान वहीतून काढलं, मागची बाजू कोरी होती, ती वाणसामानाच्या यादीला ठेवली.

फॉर्म पुढ्यात घेतला. चालकाचं वजन एकाहत्तर, ते आधीच लिहिलं होतं. पेटी हवी की सीट, तिथे सीटवर खूण केली. मागे बसणाऱ्याचं वजन.

दवाखान्यात शेवटी हिचं एकोणचाळीस भरलं होतं.

आजाराआधीचं अठ्ठावन्न लिहिलं. शाई वाळू दिली, फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि शोरूमला चालत निघालो.