बोटांवरची राख

वडगाव, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

बोटांवरची राख अजून धुतली नाही. धुवावीशीच वाटत नाही!

मी चर्चला जायला लागले तेव्हापासून शेजारची थोरली जाऊ, आक्का, माझ्याशी बोलत नव्हती. आज तिच्या मागावर नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, जुन्या धाग्यांना जोडायचा होता आणि जोडणारी बाई आलीच नाही. साडी लग्नाची! मी न बोलावता गेले. बोटं घसरू नयेत म्हणून राखेत बुडवली आणि धाग्याला धागा पिळत बसले. समोर आक्काही राखेची बोटं करून तेच करत होती.

"तू कशाला आलीस गं? चर्चमधनं धाडलं व्हय?"

उत्तर जिभेवर तयार होतं. पूर्वीची मी असते तर गल्ली गोळा झाली असती. मनात म्हटलं, प्रभू, तोंड धर माझं. आणि धरलं की त्यानं! खरंच धरलं!

शेवटचा धागा जोडून झाला तेव्हा आक्काच म्हणाली, "एवढं बोलले, तरी गप? तू?"

"हात आधीपासनंच शिकलेलं हुतं, आक्का. तोंड आत्ता शिकतंय."

ती हसली. किती वर्षांनी! उठून तिनं चहा टाकला आणि राखेच्या बोटांनीच कप पुढं केला. मीही तशाच बोटांनी घेतला. कपावर दोघींचीही बोटं उमटली.

प्रभू, जिंकलो रे आपण!