चौकटीबाहेरची खोली

मुलुंड, ९ नोव्हेंबर १९८६

अखेर आलो! लालबागच्या चाळीतली एक खोली सुटली आणि मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर हॉल, किचन आणि आत एक छोटी खोली. सासूबाईंचा लोखंडी पलंग जिन्याच्या वळणावर असा अडकला की सहदेवनं शेवटी पाना आणून तो सुटा केला आणि मगच वर चढवला. शेजारच्या शकुनं लगेच चहा आणून दिला. ती दिवसभर दार उघडं टाकून उंबऱ्यात बसते आणि कारखान्याची बटणं कार्डांवर टाचते. जिन्यावरून कोण गेलं, कोण आलं, सगळं तिला ठाऊक. राधा आमची सहा वर्षांची. ती रिकाम्या हॉलमध्ये नुसती गोल गोल पळत होती.

सहदेव मात्र भिंतीच बघत होता. मिलच्या डिझाइन खात्यात त्यानं बारा वर्षं साड्यांच्या छापांचे रंग कालवले. संपात ते सगळं गेलं. आता साकीनाक्याला बनियनवर शिक्के छापतो. चाळीत भिंत म्हणजे खुंट्या आणि कॅलेंडरं. इथं हॉलची अख्खी एक भिंत मोकळी आहे. म्हणाला, सुगंधा, हिच्यावर एक खरं चित्र लावायचं. छापील नको, हातानं काढलेलं.

किती दिवसांनी त्याला असं खुशीत पाहिलं.

१६ नोव्हेंबर

चित्र आलं! सहदेवच्या कारखान्याचे म्हातारे शेठ अंधेरीला राहतात. ह्याचं रंगांचं वेड त्यांना माहीत होतं. काल घरी बोलावून त्यांनी ते तसंच देऊन टाकलं.

तैलरंगातलं, चांगलं चार फूट रुंद. एक खोली आहे. लाल कोब्याची जमीन, उजवीकडे उघडी खिडकी, आणि तिच्यातून आलेलं सकाळचं पिवळं ऊन. बस. माणूस नाही, खुर्ची नाही, साधा तांब्यासुद्धा नाही. मला वाटलं, हे कसलं चित्र? पण चहाचा कप घेऊन समोर बसले आणि चहा गार झाला तरी कळलं नाही. ते ऊन अंगावर आल्यासारखं वाटतं.

सहदेवनं समजावलं, की चांगल्या चित्राला चौकटीबाहेरही जागा असते. ही खोली डावीकडे अजून पुढे आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच.

२३ नोव्हेंबर

मजल्यावरचे सगळे चित्र पाहून गेले. शकु म्हणाली, झकास गं, एकदम साहेबलोकांचं घर वाटतं. तिच्या नवऱ्यानं जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

चित्राशेजारचं कॅलेंडर बरं दिसेना, ते मीच काढलं. मग देवांचे फोटो किचनमध्ये नेले, तेही मीच. सासूबाई संतापल्या. "देवांका चुलीकडे धाडलास? उद्या माकाय धाडशीत!" मला हसू आलं. सहदेवनं शोकेस हलवलं. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही. हॉल इतका छान वाटत होता.

७ डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट. राधाला घेऊन बाजारात गेले होते. तासाभरात परतले तर हॉलमधला पलंग नाही. सहदेव भिंतीसमोर मांडी घालून बसलेला. विचारलं तर म्हणाला, जागा झाली ना आता. खाली नेलास का? तर मान हलवली. ती होकाराची की नकाराची, कळलं नाही.

शकुला विचारलं. ती सकाळपासून उंबऱ्यात होती. म्हणाली, पलंग? पलंग कोण नेईल बाई माझ्यासमोरून?

पाना किचनच्या फळीवर होता. त्यावर धूळ होती.

१४ डिसेंबर

दळण घेऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. सहदेव म्हणाला, गावी जायचं म्हणत होती, गेली. मला न सांगता? कणकवलीपर्यंत एकट्या? पण गेले आठ दिवस त्या जमिनीवर झोपून कुरकुरत होत्याच.

खरं लिहिते, मला बरं वाटलं. संध्याकाळी आम्ही तिघं चित्रासमोर बसून जेवलो. कुणी कुणाशी बोललं नाही आणि तरी बरं वाटलं. हे आत्ता लिहिताना मात्र कसंतरी होतंय.

२८ डिसेंबर

माझं शिलाई मशीन गेलं. माझं मशीन! माझ्या आईनं दिलेलं. मी ओरडले, त्याचा दंड धरून हलवला. तो रागावलाही नाही.

"अगं, सगळं आहे गं. कुठं जात नाही काही."

"कुठं आहे मग? दाखव मला!"

"आत."

आतल्या खोलीत फक्त गाद्या आहेत. किचनमध्ये नाही. त्यानं ‘आत’ म्हणताना त्या खोलीकडे पाहिलंच नाही. चित्राकडे पाहिलं.

३ जानेवारी १९८७

कणकवलीहून दिरांचं अंतर्देशीय पत्र आलं. लिहितात, आईला शिमग्याला तरी पाठवा, वर्ष झालं ती इकडे आली नाही.

तीनदा वाचलं. सहदेव कामावर होता, राधा शाळेत. हॉलमध्ये मधोमध उभी राहिले आणि तेव्हा ऐकू आलं. कट्. थोडा वेळ गेला. कट्. अडकित्त्याचा आवाज. सासूबाई दुपारच्या सुपारी कातरतात तसाच, त्याच लयीत. भिंतीतून येत होता. त्या भिंतीपलीकडे काही नाही, बाहेरची हवा आहे, तिसरा मजला.

चित्राजवळ गेले. खोली रिकामी. ऊन तेवढंच. पण आवाज चित्राच्या डाव्या कडेकडून येत होता.

भर दुपारी दोन वाजता.

५ जानेवारी

कारखान्यातून पत्ता काढून अंधेरीला गेले. शेठांचं घर मोठं आहे, आणि आत काही नाही. एकही खुर्ची नाही, पडदा नाही. म्हातारा जमिनीवर बसलेला. समोरच्या भिंतीवर चार फुटांचा फिकट चौकोन.

मी विचारलं, घरातली माणसं कुठं आहेत? बायको होती, म्हणाले. दोन मुलगे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, घरातून काढायला शेवटी मीच उरलो होतो. म्हणून देऊन टाकलं." आणि रडायला लागले. तुमच्याकडे अजून कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. पळत रिक्षात बसले.

७ जानेवारी

सहदेव नाही.

दार आतून बंद होतं. मी राधाला न्हाऊ घालत होते, दहा मिनिटं. चपला दाराशीच आहेत. शकु म्हणते, आत येताना पाहिला, बाहेर पडताना नाही.

चित्रात कोणी नाही. मी हाका मारल्या. चित्राला हाका मारल्या मी—

त्याला हात लावायची हिंमत नाही. कुलूप घातलं. राधाला घेऊन गोवंडीला भावाकडे निघाले.

गोवंडी, ९ जानेवारी

गुणाजी दादानं काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, राहा गं हवं तितकं. पोलिसात तक्रार दिली. दादाची एकच खोली, पत्र्याची पेटी, भांडी, कपडे, तीन मुलांची दप्तरं. जयंती वहिनी अखंड बोलत असते. किती बरं वाटतं ह्या गर्दीत. काल झोप लागली.

राधा आजीबद्दल विचारत नाही. बाबांबद्दलही नाही.

११ जानेवारी

पाण्याच्या रांगेतून आले तर राधानं भिंतीवर रंगीत खडूंनी चित्र काढलं होतं. वहिनी कौतुकानं बघत होती. म्हणाली, पोरीचा हात बघ गं, बापाचाच गुण.

तीच खोली आहे. लाल जमीन, खिडकी, ऊन. पण राधानं ती डावीकडे पुढे काढली आहे. तिथं पलंग आहे. शोकेस आहे. माझं मशीन आहे. आजी पाय पसरून बसली आहे. बाबा उभे आहेत. कितीतरी माणसं आहेत, मी न पाहिलेली. एकही तोंड इकडे नाही.

मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, तिथून दिसतं.

कुठून, राधा?

अजून पुरं झालेलं नाही, म्हणाली.

१२ जानेवारी

दादानं माझ्या हट्टापायी भिंतीला चुना मारला. दोन हात.

दुपारी पत्र्याची पेटी दिसेना. वहिनीला विचारलं. ती भिंतीला टेकून शांत बसली होती. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा शांत. म्हणाली, खोली कशी मोकळी वाटते ना?

१३ जानेवारी

दादा कामावर. वहिनी— हाक मारली, ओ नाही. नळावर असेल. नळावरच असेल. मुलांची दप्तरं नाहीत. शाळेत गेली असतील.

चुना वाळला. खालून पिवळं येतंय. बाहेर आभाळ आहे, ऊन नाही, तरी—

आम्ही निघतोय. मानखुर्दला माझी मावसबहीण आहे. पिशवी भरली होती. आत्ता इथं होती.

राधाचा हात माझ्या डाव्या हातात आहे. सोडणार नाही. ती ओढत नाही, रडत नाही. भिंतीकडे बघतेय. मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये बसले आहे, पाठ भिंतीला. पाठीला ऊन लागतंय.

ती म्हणते, आई, थोडी सरक ना. दिसत नाही मला.

नाही सरकणार. नाही राधा, मी इथंच बस—