सव्वीस रिकामी घरे

मी, गंगाधर विष्णू ओगले, वय ८३ वर्षे (मूळ संख्या, पुढची ८९, तिथवर पोहोचेनसे वाटत नाही), निवृत्त गणित शिक्षक, राहणार कुसगाव, ता. मावळ, जि. पुणे, आज कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. मन शाबूत आहे, असेही लिहायची रीत आहे. नेमके तेच मला सिद्ध करायचे आहे.

१. कुसगावचे राहते घर मी स्वकष्टाने बांधले. ते माझी पत्नी पद्मजा हिला एकटीला मिळावे. मुलगा श्रीयश याने ते हॉटेलवाल्याला द्यायचे मनात धरले आहे. आईची म्हणे "कुठेतरी सोय" करू. कुठेतरी म्हणजे कुठे रे बाबा? हे मृत्युपत्र रद्द ठरले, तर ती या वयात घराबाहेर पडेल. मला याचेच भय वाटते.

२. श्रीयशचा आक्षेप लपवत नाही. माझ्याकडे शंभर घरांची लाकडी पाटी आहे. वर्गात मुले तिच्यावर चिंचोके ठेवत: आधी एकावर, मग दोन, तीन, पाच आणि सात सोडून त्यांच्या पटीतल्या प्रत्येक संख्येवर. पंचवीस घरे रिकामी राहतात, त्या मूळ संख्या. अजूनही रोज चहाआधी मी ती मांडतो, डोके ठिकाणावर आहे ना हे बघायला. गेल्या चैत्रात एका सकाळी सव्वीस घरे रिकामी राहिली. पुन्हा मोजली. सव्वीसच! जेवणाची पाने वाढली तरी चूक सापडेना. शेवटी श्रीयशनेच बोट ठेवले: एक्क्याण्णव, तिच्यावर चिंचोका ठेवायचा राहिला होता. म्हणाला, "बाबा, आता तुमच्या सहीला काय अर्थ राहिला?"

डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... त्यांतली एकोणऐंशी मूळ, हेही मी सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. पण दाखला त्या दिवसाचा. उद्या सकाळी किती घरे रिकामी राहतील, हे कोण सांगणार?

३. पुस्तके आणि फळा नात इरावतीला. समोरच्या घरातल्या बाजीरावांनी सात वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत आणावी. ती मी त्यांना दिलेली नाही, हे स्पष्ट असावे.

४. पाटी वडिवळ्याच्या नंदाबाई शेलार यांना द्यायची होती. १९७९ साली सातवीत ही मुलगी एक्क्याण्णवला मूळ संख्या म्हणाली. मी तिला दिवसभर बाकावर उभे केले. पोरे तिला "एक्क्याण्णव, एक्क्याण्णव" म्हणून चिडवू लागली आणि मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. तीच चूक माझ्या हातून झाली, तेव्हा मला तिचा चेहरा आठवला. लाज वाटली. निरोप धाडला, तर बिचारी आली. म्हणाली, "पाटी नगं मास्तर. मी साक्षीला बसते." वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. म्हणून पाटी पद्मजेकडेच राहील.

५. सहीआधी दोन्ही साक्षीदारांनी मला एकेक संख्या विचारावी. मूळ की संयुक्त ते मी सांगेन. संयुक्त असल्यास अवयव पाडून दाखवीन. चुकलो तर त्यांनी सही करू नये. ही अट मीच घातली आहे आणि आता मला फार भीती वाटते आहे.

स्थळ: कुसगाव
दिनांक: १३ जुलै २०२५
(सही) गंगाधर विष्णू ओगले

साक्षीदार १: आदिनाथ बजरंग गरुड, शेजारी. मी सत्तावन्न विचारली. सरांनी तीन गुणिले एकोणीस असे ताबडतोब सांगितले. (सही)

साक्षीदार २: नंदाबाई कोंडाजी शेलार, वडिवळे. मी एक्क्याण्णवच इचारली. मास्तर बोटांवर मोजत ऱ्हायले. कपाळाला घाम आला. मग मी तेराचा पाढा धरला. तेरा सक अठ्ठ्याहत्तर मी म्हनलं, फुडचं तेरा सत्ते एक्क्याण्णव त्यांनी म्हनलं. मला तवा कुनी पाढा धरून दिला न्हाई. मास्तर चुकले न्हाईत. सही करते. (सही)